गोधडीवरचा बर्फ

(निवडणुकीचा महिना, सकाळची वेळ. घरामागचं अंगण. चुलाण्यावर तांब्याच्या हंड्यात सफरचंदांचा गर आटतो आहे. हल्डा लांब दांड्याच्या लाकडी पळीनं तो ढवळते आहे. तिची म्हातारी आई केझाया राजधानीहून, गव्हर्नर झालेल्या मुलाच्या, आसाच्या, घरून, नुकतीच परतली आहे.)

केझाया : सफरचंदं किती घातलीस ते मी विचारलंच नाही. मी विचारते, खोपट कुठं गेलं?

हल्डा : बस तरी आधी. एवढ्या लांबून गाडीत आदळत आलीस, हाडं खिळखिळी झाली असतील. कॉफी टाकते.

केझाया : हल्डा, मी या दारातनं बाहेर पाहते तेव्हा ते समोर असतं. आज तिथं नुसतं पिवळं पडलेलं गवत दिसतंय. मका कुठाय त्यातला?

हल्डा : माळ्यावर टाकला. एक कणीस वाया गेलं नाही.

केझाया : आणि खोपट?

हल्डा : गाडीवर.

केझाया : कसल्या गाडीवर?

हल्डा : टटलच्या बैलगाडीवर. आसाच्या पक्षाचा टटल, माहीत आहे ना तुला? ओंडका न् ओंडका सुटा केला, खुणा घातल्या, न परत गाडीवर रचला. थोडं आखूड केलंय, नाहीतर पुलावरनं जाईना. ती बघ, ओढ्याकडेला, अक्रोडाखाली. दुपारी मिरवणुकीत सगळ्यात पुढं तीच असणार.

केझाया : मला वाटलं, कुणाची गवताची गाडी आहे.

हल्डा : मी तुला सांगणार होते, आई. पण तू होतीस तिकडं, न हा टोपी काढून दारात उभा. म्हणाला, बाकीच्या गावांत आम्ही नवीन ओंडक्यांचं खोपट फिरवलं. गव्हर्नरसाहेबांच्या गावात खरं असताना खोटं कशाला?

केझाया : हे बरं आहे. खोटं सांगायला खरं खोपट.

हल्डा : हळू बोल. आसा आत दाढी करतोय. रात्रीच आलाय. म्हणजे तुला कळलंय?

केझाया : कळलं.

हल्डा : कुणी सांगितलं? मी तर गावात सगळ्यांना बजावलं होतं, म्हातारीच्या कानावर घालू नका म्हणून.

केझाया : त्याच्या पोरीनं. लुसिंडानं. जेवायला मोठी मंडळी होती. विधानसभेतले दोघं होते, त्यांच्या बायका होत्या, आपली सूनबाई निळ्या रेशमात. पोरगी माझ्या खुर्चीला रेलून म्हणते, आजी, बाबा त्या खोपटात जन्मले, न त्यांच्या गोधडीवर भेगांतनं बर्फ पडायचा, तेव्हा तो तू झटकायचीस की आजोबा? शाळेत म्हणून दाखवते ती हे. तिला बक्षीस मिळालंय त्याचं.

हल्डा : आणि आसा?

केझाया : आसा ताटात बघायला लागला. डुकराच्या मांसाचे एवढे बारीक तुकडे करत होता, जसा काही दात नसलेला म्हातारा.

हल्डा : तू काय म्हणालीस?

केझाया : मी म्हणाले, मी झटकायची.

हल्डा : आई.

केझाया : मग काय म्हणू? त्या बायकांसमोर माझ्या लेकाला खोटा पाडू? तोंडातनं गेलं. मग रात्रभर मला त्या मऊ बिछान्यावर झोप नाही. पोरीसमोर खोटं बोलले, तेही या वयात, जेव्हा माणसानं देवाच्या दाराकडं तोंड करून बसायचं असतं. सकाळी ती पापा द्यायला आली, तर मी गाल फिरवला. तिला काय कळणार ते?

हल्डा : तू एवढ्यावरच रडकुंडीला येतेस, तर पुढचं कसं सांगू.

केझाया : पुढचं काय आहे?

हल्डा : मागच्या निवडणुकीला नदीकाठच्या परगण्यांत गाडीवर खोपट होतं, दारात सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं, पिंप होतं, न तू होतीस.

केझाया : मी कुठं होते? मी इथं होते.

हल्डा : तुझ्या जागी टटलची मावसबहीण. चरखा घेऊन बसायची न तोंडात पाईप.

केझाया : पाईप?

हल्डा : धूर काढायची म्हणे असा, की लोक टाळ्या वाजवायचे.

केझाया : मी उभ्या जन्मात पाईप ओढला नाही.

हल्डा : लोकांना गव्हर्नरची आई पाईप ओढणारी आवडते, त्याला कोण काय करणार. हसू नको तर काय करू मी? परवा पेशन्स हॉइट आली होती. म्हणाली, हल्डा, मी म्हातारी झाले, डोक्यात गोंधळ होतो. आसाच्या वेळी तुझ्या आईला कळा लागल्या तेव्हा मी फळ्यांच्या घरात जिना चढून वर गेले, असं मला आठवतं. तेव्हा मी चुकीच्या घरात गेले होते की काय?

केझाया : पेशन्सनं असं म्हणावं. तिनं त्याला पहिल्यांदा हातात घेतला. त्या वरच्या खोलीत, खिडकीपाशी. खिडकीला काच होती. सबंध खोऱ्यात तेव्हा काच आपल्याच घराला होती.

हल्डा : तिनं तेवढ्यापुरतं म्हटलं. चौकात ती काही बोलणार नाही. कुणीच बोलणार नाही. आपलेच दात न आपलेच ओठ. गव्हर्नर गावचा आहे, गावाला पूल मिळालाय त्याच्यामुळं.

केझाया : तेच तर. सगळं गाव माझ्यासाठी गप्प बसणार. मी रस्त्यानं जाईन तेव्हा माणसं टोपी काढतील न जमिनीकडं बघतील. त्यापेक्षा दगड मारलेले बरे. हल्डा, तुझं लक्ष कुठाय? ढवळ. तळाला लागला तर सबंध हंडा करपट होईल.

हल्डा : ढवळतेय. आणि आज ती मावसबहीण येणार नाहीये.

केझाया : का बरं? पाईप विझला?

हल्डा : आज गाडीवर तुला बसवायचंय.

आसा : हल्डा, एवढं बोलणं माझ्यासाठी ठेवायचं होतंस.

हल्डा : ये. गव्हर्नरसाहेबांची दाढी झाली. दाराआड किती वेळ उभा होतास?

आसा : बराच. आई, प्रवास नीट झाला? लॅव्हिनिया म्हणत होती, तू आणखी आठवडाभर राहायला हवं होतंस.

केझाया : तुझी बायको गुणाची आहे. मला पायाखाली गरम वीट द्यायची. तिला खरं काय ते माहीत आहे का रे?

आसा : नाही.

केझाया : बायकोलासुद्धा नाही. धर ती पळी. हल्डाचे हात भरून आलेत. बाह्या वर कर. असा नाही, तळापर्यंत घाल, न कडेकडेनं फिरव. थांबायचं नाही.

आसा : मला येतं हे, आई. लहानपणी मीच करायचो.

केझाया : कुठल्या घराच्या अंगणात करायचास?

आसा : याच.

केझाया : तेवढं तरी आठवतं म्हणायचं.

आसा : मी तुला समजावून सांगतो. तू ऐकून घे, मग काय बोलायचं ते बोल. मागल्या वेळी उभा राहिलो तेव्हा नदीकाठच्या एका गावात सभा होती. शेतकरी, होडीवाले, सगळे चिखलाच्या बुटांनी आलेले. मी शाळांबद्दल बोलत होतो. गावोगाव फुकट शाळा, गरिबाच्या पोरालाही अक्षर आलं पाहिजे, हे सगळं. कुणी ऐकेना. मागून एक जण ओरडला, हा बघा रेशमी मोज्यांचा जज आपल्याला गरिबी शिकवतोय. सगळे हसले. हसणं थांबेचना. आणि मग माझ्या तोंडून गेलं.

केझाया : काय गेलं?

आसा : तुला माहीत आहे.

केझाया : मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. तिथं हजारांसमोर बोललास, इथं दोघी बायकाच आहोत.

आसा : मी म्हणालो, मित्रांनो, मी ज्या खोपटात जन्मलो त्याची जमीन मातीची होती. ओंडक्यांच्या भेगांतून बर्फ यायचा आणि माझ्या गोधडीवर साचायचा. माझी आई सकाळी उठून तो हाताने झटकायची. आणि मग सगळे गप्प झाले. पुढे एक म्हातारा होता, त्याने डोळे पुसले. त्यानंतर मी शाळांबद्दल तासभर बोललो आणि कुणी जागचं हललं नाही.

हल्डा : मग दुसऱ्या गावात पुन्हा म्हणालास.

आसा : दुसऱ्या गावात लोकांनीच मागितलं. बर्फाचं सांगा, म्हणाले. टटलने गाडी तयार केली. मला नको म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. आई, पुढेपुढे मला खरंच आठवायला लागलं ते. तुझा हात दिसायचा. गोधडीचे लाल चौकोन दिसायचे.

केझाया : लाल चौकोन होतेच. माझ्या लग्नातल्या घागऱ्याचे. माहेरनं, कनेक्टिकटहून आणलेला.

आसा : बघ. मग?

केझाया : मग काय? तुला मी सांगितलं म्हणून दिसतात. तुला ताप होता, सात-आठ वर्षांचा असशील. रात्रभर मी उशाशी बसले होते, तू म्हणालास काहीतरी सांग, न मला दुसरं काही सुचेना. मी तुला जोएलची गोष्ट सांगितली. उभ्या आयुष्यात एकदाच सांगितली ती मी कुणाला. हल्डालाही नाही.

हल्डा : मला एवढंच माहीत आहे की जोएल नावाचा भाऊ होता, न तो अक्रोडाखाली आहे.

केझाया : तो आपला पहिला. खोपटात तो जन्मला, आसा नाही. बर्फ त्याच्या गोधडीवर पडायचा. वसंतापर्यंत तो राहिला नाही. त्यानंतर हे घर उभं राहिलं न मग आसा झाला.

आसा : माहीत आहे मला.

केझाया : माहीत आहे हेच तर वाईट आहे. विसरला असतास तर मी म्हणाले असते, पोर विसरलं.

आसा : आई, निवडणुकीत बोललेलं कुणी शपथेवर बोललेलं धरत नाही. प्रत्येक जण काहीतरी वाढवून सांगतो. समोरचा उमेदवार सांगतो की त्याने एकट्याने अस्वल मारलं.

केझाया : तू जज होतास तेव्हा इथल्या कोर्टात स्टलचा खटला चालला होता, आठवतो? एफ्राइम स्टल.

आसा : डुकरांचा खटला.

केझाया : मी पुढच्या बाकावर बसले होते. काळी बॉनेट टोपी घालून, एवढा अभिमान वाटत होता मला. स्टलनं जंगलात चरणारं दुसऱ्याचं डुक्कर धरलं, त्याच्या कानावरची मालकाची खूण कापून टाकली न आपल्या खुणेचा कान केला. तो पण म्हणत होता, जजसाहेब, शपथेवर कुठं काय बोललो मी, नुसता कान तर कापला. तू काय म्हणालास त्याला?

आसा : राहू दे ना.

केझाया : तू म्हणालास, स्टल, कान कापला म्हणजे तू नुसतं डुक्कर चोरलं नाहीस. ते कुणाचं होतं हेच पुसून टाकलंस. मग त्याला तुरुंगात धाडलंस. त्याची बायको माझ्या शेजारी रडत होती न मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आसा : आई.

केझाया : तू भावाचा कान कापलास, आसा.

हल्डा : ढवळ रे. हात थांबला तुझा.

आसा : ढवळतोय.

हल्डा : मुलाला खटल्यात उभं करून झालं असेल तर मी एक बोलू का? दुपारी गाडी निघणार. आई गाडीवर दिसली नाही तर उद्या समोरच्या पक्षाच्या वर्तमानपत्रात येणार, गव्हर्नरच्या आईला गव्हर्नरच्या खोपटाची लाज वाटते. ते इथं येतील, पेशन्सला गाठतील, न पेशन्सच्या पोटात पेलाभर सायडर गेली की ती बोलायची थांबत नाही. झाकली मूठ आहे तोवर झाकलेली बरी.

आसा : हल्डा बरोबर बोलतेय, पण मी ते तुझ्यावर टाकणार नाही. एवढंच सांगतो, शाळांचा कायदा अर्धा झालाय. मी पडलो तर तो गेलाच. आपल्या खोऱ्यात निम्म्या माणसांना सही करता येत नाही.

केझाया : होऊ देत शाळा. चांगल्याच आहेत. पण त्यात शिकवणार काय? लुसिंडा म्हणून दाखवते ते?

आसा : अक्षर तरी येईल त्यांना, आई.

केझाया : तुझ्या बापाला जाऊन किती वर्षं झाली, पण तुला एक गोष्ट सांगायची राहिली. त्या तापात मी तुला अर्धीच सांगितली होती. बर्फ का पडायचा ते नाही सांगितलं.

आसा : खोपटं तशीच असायची. भेगा राहायच्याच.

केझाया : खोपटं तशी नसायची. पेशन्सचं खोपट आपल्याच वर्षी उभं राहिलं, त्यात वारासुद्धा शिरायचा नाही. ओंडक्यांमध्ये लाकडाच्या चिपा ठोकायच्या, न वरनं ओल्या मातीत पेंढा कालवून लिंपायचं. पण गारठा पडायच्या आत. एकदा जमीन गोठली की माती धरत नाही, वाळायच्या आधी गळून पडते. तुझ्या बापानं दार बसवलं, छप्पर केलं, न लिंपायचं तेवढं राहिलं. ऑक्टोबर होता, असाच. माती ओढ्यावरनं आणून ढीग घातला होता.

हल्डा : मग?

केझाया : मग निवडणूक आली. तालुक्याच्या गावात मोठमोठे वक्ते येणार होते. एनॉक म्हणाला, केझाया, आपण या नव्या मुलखात आलो ते कशाला? मत द्यायला मी गेलो नाही तर काय उपयोग? दोन दिवसांत येतो, आल्या आल्या लिंपतो. तिथं भाषणं होती, सायडर होती, जुने सोबती भेटले. दोन दिवसांचे आठ झाले. तो परतला त्याच्या आदल्या रात्री गारठा पडला. मातीचा ढीग दगड झाला होता. त्यानं कुऱ्हाडीनं फोडला, पाणी तापवून कालवला, लिंपला. सकाळी सगळा जमिनीवर पडलेला. पुन्हा लिंपला. पुन्हा पडला. मग आम्ही चिंध्या कोंबल्या. माझ्या घागऱ्याच्या उरल्या होत्या तेवढ्या.

आसा : बाबांनी कधीच सांगितलं नाही.

केझाया : कसं सांगेल? फेब्रुवारीत जोएल गेला. छातीत कफ भरला होता. तुझ्या बापानं पेटी केली न लगेच, त्याच आठवड्यात, बर्फात जाऊन झाडं पाडायला लागला. हे घर. फळी न् फळी त्यानं रंधली. मला म्हणाला, पुढचं पोर मातीवर पाय टेकणार नाही. बाकी कसली माफी त्यानं मागितली नाही. ही जमीन तेवढी घातली. तू जन्मलास तेव्हा पेशन्स खाली आली न म्हणाली, एनॉक, मुलगा. तर हा उठला नाही, खाली बसून फळ्यांवरनं हात फिरवत होता.

हल्डा : म्हणून बाबांनी त्या खोपटाच्या भेगा नंतरही बुजवल्या नाहीत? मला वाटायचं मक्याला वारा लागावा म्हणून.

केझाया : वारा लागतो हे खरं आहे. पण त्यानं पुन्हा त्या भिंतीला हात लावला नाही. मका आत टाकायचा तोही दारातनं, लांबूनच.

आसा : आणि मी गावोगाव सांगत फिरलो की त्याने मला मातीच्या जमिनीवर जन्माला घातलं.

केझाया : होय.

आसा : आई, मला खाली मान घालायलासुद्धा जागा उरली नाही.

केझाया : हंड्यात बघ. तिथं आहे जागा.

हल्डा : आसा, इकडं दे ती पळी. तू रडतोस न गर खारट होईल.

आसा : मी टटलला सांगतो. गाडी परत ने म्हणावं. आईला बसवणार नाही आणि मीही बोलणार नाही.

केझाया : गाडी परत कुठं नेणार? खोपटाचे ओंडके आखूड केलेत. दुपारनंतर त्याचं सरपण होणार. मला बघायचंय ते. चल, मला धरून ने. हल्डा, तू ढवळ, इथनं ऐकू येतं.

आसा : तुला वर चढता येणार नाही.

केझाया : मी या मुलखात आलेय तीच गाडीतनं. हात दे. हं. दार तेच आहे. बिजागरी चामड्याची होती, ती बदलली. दाराच्या उंबऱ्यावर मी जोएलला घेऊन बसायची, उन्हाला. आसा, भेगांतल्या चिपा, चिंध्या, काहीच नाही की रे.

आसा : सुटे करताना पडलं सगळं. टटल म्हणाला राहू द्या, उघड्याच चांगल्या. रस्त्यावरून लोकांना आरपार दिसलं पाहिजे.

केझाया : काय दिसलं पाहिजे?

आसा : गरिबी.

केझाया : मी बसेन.

आसा : नको, आई. मी म्हणालो ना.

केझाया : तुझ्यासाठी नाही बसत. या उंबऱ्यावर पुन्हा कधी बसायला मिळणार आहे मला? संध्याकाळी हे कुणाच्या तरी चुलीत असेल. मी बसेन, चौकातनं फिरेन, पेशन्सला हातही करीन. पण उघड्या भेगांच्या घरात मी पुन्हा बसणार नाही. एकदा बसले. या बुजव.

आसा : आत्ता?

केझाया : अजून गारठा पडलेला नाही. माती धरेल. ओढा इथं आहे, पेंढा बैलांच्या पुढ्यात आहे.

आसा : माणसं बोलावतो. टटलकडे चार जण आहेत.

केझाया : माणसं नकोत. एनॉकचं काम राहिलंय ते. एनॉकच्या मुलानं करावं.

आसा : आई, भेगा बुजवल्या तर मला बर्फाचं बोलता येणार नाही. लोकांच्या समोर गाडी असेल. घट्ट लिंपलेली भिंत असेल. मी तिच्याकडे बोट दाखवून काय म्हणू?

केझाया : नाही येणार बोलता.

आसा : मग बोलू काय?

केझाया : ते मी कसं सांगू? मी काय कधी निवडून आलेय?

हल्डा : जोएलचं सांग.

आसा : काय म्हणालीस?

हल्डा : इथनं ऐकू येतंय म्हणाली ना आई. म्हटलं, जोएलचं सांग. नाहीतर सांगू नको. शाळांचं सांग न खाली उतर. पण बर्फाचं तू आता बोललास तर मी, गावची हल्डा लॅथ्रॉप, पळी घेऊन चौकात येईन.

आसा : जोएलचं सांगितलं तर पडेन मी.

केझाया : पडशीलही. त्यावरही मी काही सांगू शकत नाही. तू पडलास तर घर आहे, फळ्यांचं आहे. तो कोट काढ आधी. लॅव्हिनियानं हातानं शिवलाय.

आसा : धर. आणि हे घड्याळही.

केझाया : पेंढा बोटभर तोड. लांब राहिला तर बाहेर येतो. पाणी कमी घाल. अरे, कमी. मुठीत दाबून बघ, बोटांच्या खुणा राहिल्या पाहिजेत.

आसा : राहिल्या.

केझाया : मग लाव. भेगेत आत ढकल, अंगठ्यानं. वरनं थापायचं नाही.

हल्डा : आसा, टटल येतोय पुलावरनं. बँडवाले आहेत बरोबर. हात हलवतोय. काय सांगू?

आसा : सांग, गव्हर्नर कामात आहे.

हल्डा : तो विचारेल कसल्या.

आसा : सांग, बापाच्या.

हल्डा : आणि कोपरापर्यंत माखलेल्या हातांचं? त्या हातांनी भाषण करणार का तू?

केझाया : धुवू नकोस ते. वाळू देत.

आसा : आई, ही बाजू झाली. रस्त्याकडची. लोकांना दिसते तेवढी सगळी बुजली. बघ, उजेड येत नाही.

केझाया : रस्त्याकडची झाली. आता आतनं, मागची भिंत.

आसा : मागची कुणाला दिसणार आहे?

केझाया : ये इकडं. वरचं राहू दे, वरनं काही होत नव्हतं. खाली ये. आणखी खाली. गुडघे टेक. पाळणा इथं असायचा. इथनं यायचा बर्फ.